तुवालूचं फोंगाफाले गाव: भरतीचं पाणी जमिनीतून वर का येतं?

तुम्ही विचारलेले प्रश्न तीन. तुवालूची राजधानी फुनाफुती खरोखर बुडते आहे का? उधाणाच्या वेळी तिथे पाणी किनारा ओलांडून न येता थेट जमिनीतून वर येतं असं व्हिडिओत दाखवतात, ते खरं का? आणि एवढ्या चिंचोळ्या पट्टीवर माणसं राहायला गेलीच कशाला?

मी भूजलाच्या कामातला माणूस. कोकणातल्या खाऱ्या झालेल्या विहिरी, मग लक्षद्वीप, मग पॅसिफिकमधली काही प्रवाळबेटं, यातच नोकरी सरली. त्यामुळे मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो नीट कळला की पहिल्याला नुसतं हो किंवा नाही म्हणून का भागत नाही, ते आपोआप लक्षात येईल.

आधी जागा समजून घ्या. फुनाफुती हे एका कंकणाकृती प्रवाळद्वीपाचं नाव आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेआठ अंशांवर, फिजीच्या उत्तरेला हजारेक किलोमीटरवर. मधे सुमारे 275 चौरस किलोमीटरचं खाऱ्या पाण्याचं सरोवर आणि त्याच्या कडेने तीसेक लहानमोठी बेटं. या सगळ्या बेटांची जमीन मिळून भरते जेमतेम 2.4 चौरस किलोमीटर. त्यातलं सगळ्यात मोठं बेट फोंगाफाले: लांबी बारा किलोमीटरच्या घरात आणि रुंदी काही ठिकाणी एवढीच की मधून रस्ता गेला की दोन्ही बाजूंना पाणी दिसतं. बेट जिथे वाकतं तिथे ते काहीशे मीटर रुंद होतं, आणि गाव बहुतांशी तिथेच आहे. वायाकू, सेनाला, आलापी, फाकाइफोऊ अशा वस्त्या एकमेकींना लागून, उत्तरेकडे लोफेआंगाई आणि तेओने. सरकारी कचेऱ्या वायाकूत. 'राजधानीचं शहर' म्हणण्यापेक्षा लांबलचक पसरलेलं गाव म्हणणं जास्त खरं.

या बेटाचा आडवा छेद घेतला तर तो परातीसारखा दिसतो. पूर्वेला खुल्या समुद्राच्या बाजूला वादळांनी फेकलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचा उंच बांध, पश्चिमेला सरोवराच्या बाजूला वाळूची बेताची उंचवटी, आणि मधे खोलगट. ही खोलगट जागा म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

प्रवाळबेटाला कातळाचा पाया नसतो. वर दहा-वीस मीटर वाळू आणि प्रवाळाचे तुकडे, त्याखाली फार जुना, पोकळ्यांनी भरलेला चुनखडक. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं. पुस्तकात हिशेब असा देतात की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली चाळीस फूट गोडं पाणी मिळावं. प्रवाळबेटावर हा हिशेब फसतो, कारण खालच्या पोकळ चुनखडकातून भरती-ओहोटी बिनदिक्कत आत-बाहेर करते. समुद्र चढला की त्याचा दाब किनाऱ्यावरून वाळूतून सरकत येतो त्याहून लवकर खालून वर पोहोचतो. भूजल उचललं जातं, आणि जमीन जिथे सगळ्यात सखल तिथे ते बाहेर पडतं.

वर्षातली मोठी उधाणं साधारण फेब्रुवारीच्या आसपास येतात. अशा दिवशी धावपट्टीच्या कडेला, हवामान खात्याच्या कचेरीजवळ उभे राहा. आधी गवतात ओल धरते. मग खेकड्यांच्या बिळांतून पाणी वर यायला लागतं, बारीक बुडबुडे येतात. थोड्या वेळात घोटाभर डबकं होतं, पोरं त्यात धावायला येतात. क्षारता मोजायचा मीटर त्यात बुडवला की आकडा सरळ समुद्राच्या दिशेने पळतो. तिकडे सरोवराच्या काठावर मात्र पाणी अजून काठाखालीच असतं. ओहोटी लागली की हेच पाणी आल्या वाटेने जमिनीत परत जातं. इथे समुद्राच्या बाजूने भिंत बांधून काय उपयोग, हे एकदा बघितलं की सांगावं लागत नाही.

आता ही खोलगट जागा कधीपासून अशी आहे? याचं उत्तर मिळतं ते एका भलत्याच कामासाठी काढलेल्या नकाशांवरून.

डार्विनने 1842 मध्ये सिद्धान्त मांडला होता की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं, त्याच्या कडेचं प्रवाळ मात्र वर वाढत राहतं, आणि शेवटी डोंगर पाण्याखाली जाऊन नुसतं कडं उरतं. ते तपासायला एकच मार्ग, प्रवाळबेटाला खोल भोक पाडायचं. कुणा गडगंज माणसाने हे करावं, अशी इच्छा डार्विनने मरणाच्या आदल्या वर्षी एका पत्रात लिहिली होती. ते काम लंडनच्या रॉयल सोसायटीने अंगावर घेतलं आणि जागा निवडली फोंगाफाले. 1896 मध्ये सोलास या भूगर्भशास्त्रज्ञाच्या तुकडीचं यंत्र शंभर फुटांच्या आसपासच अडकलं. ज्याने कुणी वाळूत बोअर मारली आहे त्याला कारण सांगायला नको: भोकाच्या भिंती सतत आत ढासळतात आणि मधेच प्रवाळाचा गोटा आडवा येतो. 1897 मध्ये सिडनीहून भूगर्भशास्त्रज्ञ एजवर्थ डेव्हिड आले आणि त्यांच्या तुकडीने बरीच खोली गाठली. 1898 मध्ये तेच भोक फिंकने 1,114 फुटांपर्यंत नेलं. वरपासून खालपर्यंत चुनखडकच लागला, ज्वालामुखीचा दगड आला नाही. त्यामुळे वाद मिटला नाही. तो मिटला 1952 मध्ये मार्शल बेटांतल्या एनिवेतोकला, तिथे सुमारे चौदाशे मीटरवर बेसाल्ट लागला. फोंगाफालेतली बोअरची जागा आजही दाखवतात.

पण माझ्या दृष्टीने त्या मोहिमांची खरी कमाई म्हणजे बेटाचा बारकाईने केलेला सर्व्हे. त्या नकाशांत मधली जागा चक्क पाणथळ आणि खारफुटीची दाखवली आहे, आणि घरं सरोवराच्या बाजूच्या उंचवट्यावर. 2007 मध्ये जपानी संशोधकांनी हे जुने नकाशे आणि नंतरची हवाई छायाचित्रं एकावर एक ठेवून पाहिली. आज जिथे पाणी साचतं त्यातला बराच भाग म्हणजे तीच जुनी दलदल. म्हणजे पाणी नव्या जागी आलेलं नाही, घरं पाण्याच्या जागी गेली आहेत. समुद्र वाढतो आहे हे खोटं ठरत नाही. ते वाढलेलं पाणी आधी कुणाच्या घरात शिरतं, ते मात्र यावरून कळतं.

जुन्या लोकांना ही जागा बरोबर कळली होती. फुनाफुतीची वंशपरंपरा सामोआशी सांगितली जाते. होडीतून आलेल्या माणसांना लागतं ते सगळं सरोवराच्या बाजूला: शांत पाणी, होडी ओढून ठेवायला वाळू, मासळी. खुल्या समुद्राच्या बाजूला लाट फुटते, तिथे कोण घर बांधेल? आणि मधल्या ओल्या जमिनीचा त्यांनी उत्तम उपयोग केला. भूजलापर्यंत खड्डा खणायचा, त्यात पालापाचोळा कुजवून माती तयार करायची आणि पुलाका लावायचा. आपल्या अळूच्याच कुळातला, पण माणसाहून उंच वाढणारा, कंद कित्येक वर्षं पोसता येणारा. ज्या बेटावर माती नावाचा प्रकारच नाही तिथे पिढ्यान् पिढ्या माती बनवत राहायचं, हे काम मला विहिरी खणण्यापेक्षा मोठं वाटतं. जोडीला नारळ, नीरफणस, केतकीच्या जातीतली झाडं आणि माडाची ताडी, जिला तिथे कालेवे म्हणतात.

युरोपियनांच्या येण्याजाण्याचं थोडक्यात सांगतो. 1819 मध्ये द पेस्टर नावाच्या कप्तानाचं 'रेबेका' हे जहाज इथून गेलं. त्याने जहाजातल्या मालाच्या मालकाचं, एडवर्ड एलिस या ब्रिटिश खासदाराचं नाव बेटाला दिलं, आणि पुढे सगळा समूहच एलिस बेटं झाला. 1861 मध्ये कुक बेटांतल्या मानिहिकीचा एलेकाना नावाचा चर्चचा सेवक वादळात भरकटून आठ आठवड्यांनी याच समूहातल्या नुकुलाएलाए बेटाला लागला, तिथून इथे ख्रिस्ती धर्म आला. नंतर लंडन मिशनरी सोसायटीने सामोअन पाद्री पाठवले आणि गावाच्या मध्यावर चर्च उभं राहिलं. 1892 मध्ये ब्रिटिश संरक्षण, 1916 मध्ये गिल्बर्ट (आजचं किरिबाती) आणि एलिस ही एकत्र वसाहत.

यात 1863 साल मात्र घाईने ओलांडू नये. त्या वर्षी पेरूची जहाजं मजूर मिळवायला आली आणि फसवून फुनाफुतीतून दीडशेहून जास्त, तर नुकुलाएलाएतून दोनशेच्या वर माणसं घेऊन गेली. एवढ्याशा बेटावरून एवढी माणसं एका फटक्यात गेली. त्यातली जवळपास कुणीच परतली नाहीत. पुढची कित्येक वर्षं गाव लहान राहिलं, त्यामुळे उंचवट्यावरची जागा सगळ्यांना पुरत होती. मधल्या दलदलीत घर बांधायची वेळ कुणावर आली नाही.

ती दलदल गेली 1942 मध्ये. 2 ऑक्टोबरला अमेरिकी मरीन उतरले आणि नौदलाच्या बांधकाम तुकडीने काही आठवड्यांत धावपट्टी केली. सुमारे दीड किलोमीटर लांब, बेटाच्या सगळ्यात रुंद भागात, म्हणजे थेट परातीच्या तळात. दलदल आणि पुलाकाचे खड्डे बुजवले, माड हजारोंनी तोडले. भरावासाठी प्रवाळाचा खडा लागतो, तो कुठून आणणार? बेटाचाच खोदला. त्यामुळे बेटाच्या लांबीभर मोठमोठे खड्डे पडले आणि त्यांत खारं पाणी भरलं. शिवाय भराव भरड, त्यातून पाणी सहज खेळतं. गोड्या पाण्याचा थर टिकायला बारीक वाळू लागते. म्हणून आज फोंगाफालेच्या भूजलावर कुणी अवलंबून राहत नाही. युद्धाने गावाचं काय नुकसान केलं असं कुणी विचारलं, तर बॉम्बच्या आधी मी हे सांगेन.

बॉम्बही पडले. एप्रिल 1943 मध्ये इथून उडालेल्या अमेरिकी विमानांनी जपानच्या ताब्यातल्या नाउरू बेटावर हल्ला केला, आणि लगेच जपानी विमानं फुनाफुतीवर आली. 23 एप्रिलला सुमारे 680 गावकरी काँक्रीटच्या चर्चमध्ये आसऱ्याला बसले होते. लॅड नावाच्या एका अमेरिकी कॉर्पोरलने त्यांना समजावून बाहेर काढलं आणि खंदकांत नेलं. थोड्याच वेळात चर्चवर बॉम्ब पडला.

युद्ध संपलं, सैन्य गेलं, खड्डे राहिले. सत्तर वर्षं त्यांत कचरा, डुकरांची घाण आणि डास. ज्यांना दुसरी जागा नव्हती त्यांनी त्यांच्या काठावर, काहींनी पाण्यावर खांब रोवून घरं बांधली. 2015 मध्ये न्यूझीलंडच्या पैशातून सरोवरातली वाळू उपसून ते अखेर बुजवले, आणि गावाची वापरता येणारी जमीन सुमारे आठ टक्क्यांनी वाढली.

मधे 21 ऑक्टोबर 1972 ला बेबे चक्रीवादळ आलं. गावातली बहुतेक घरं आणि झाडं गेली, माणसं दगावली. आणि त्याच रात्रीत समुद्राने खोल पाण्यातला प्रवाळाचा राडा उचलून पूर्वेच्या बाजूला सुमारे 19 किलोमीटर लांब, सरासरी 37 मीटर रुंद आणि ठिकठिकाणी चार मीटर उंच असा बांध उभा केला. पुढच्या वर्षांत लाटांनी तो हळूहळू आत ढकलून बेटाला चिकटवला. ज्या वादळाने गाव मोडलं त्यानेच बेटाला नवा माल पुरवला. म्हणून प्रवाळबेट म्हणजे बुडणारी जहाजाची फळी, हे चित्र मला पटत नाही. ते सतत हलणाऱ्या वाळूचं आणि खड्याचं बनलेलं असतं, आणि एकीकडून खाल्लं तर दुसरीकडे भरतं.

याला मोजमापाचा आधार आहे. फुनाफुतीत समुद्राची पातळी गेल्या साठ वर्षांत वर्षाला सरासरी पाच मिलिमीटरने चढली, जगाच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त. तरी केंच या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये जुने नकाशे आणि छायाचित्रं तपासली, तेव्हा फुनाफुतीच्या बेटांचं एकूण क्षेत्रफळ शतकभरात 7.3 टक्क्यांनी वाढलेलं निघालं. हे वाचून 'बघा, काही होत नाही' असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी विचारतो, क्षेत्रफळ वाढलं म्हणजे उंची वाढली का? वाळू काठाला साचली म्हणून गावाचा तळ वर येत नाही. रिकाम्या बेटाने सरकलं तर चालतं. धावपट्टी, इस्पितळ आणि टाक्या असलेल्या गावाला सरकता येत नाही.

आणि ही वाळू येते कुठून? बरीचशी फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या कवचांची. बेटाभोवतीच्या उथळ प्रवाळमंचावर ते वाढतात, मरतात, कवचं लाटांनी काठावर येतात. त्यांना स्वच्छ पाणी लागतं. गावातल्या शौचटाक्या बहुधा तळाला उघड्या. भरतीत भूजल वर चढून टाकीत शिरतं, ओहोटीत तेच मैल्यासकट सरोवरात उतरतं. जी वाट पाणी वर आणते तीच घाण खाली नेते. सरोवराच्या काठचं प्रवाळ गावासमोर खराब झालंय ते यामुळे. माझ्या हातात पैसे असते तर भिंतीच्या आधी मी बंद तळाच्या टाक्या केल्या असत्या, पण बंद तळाच्या टाकीचं उद्घाटन करायला मंत्री येत नाहीत.

लोकसंख्येचा फुगवटा आला राजकारणातून. 1974 च्या सार्वमतात एलिस बेटांनी गिल्बर्टपासून वेगळं व्हायचं ठरवलं, 3,799 विरुद्ध 293 मतांनी. 1978 मध्ये 1 ऑक्टोबरला तुवालू स्वतंत्र झाला. एकत्र वसाहतीची राजधानी असलेल्या तारावातल्या कचेऱ्यांतली माणसं इथे आली, मागोमाग बाकीच्या बेटांवरची. 1973 च्या जनगणनेत फुनाफुतीत 871 माणसं होती. 2002 मध्ये 4,492, 2017 मध्ये 6,300 च्या वर, म्हणजे देशातली निम्म्याहून जास्त. एवढ्यांना उंचवटा कसा पुरणार? त्यात जमीन कुटुंबांची, बरीचशी काइतासी पद्धतीची, म्हणजे आपल्याकडच्या सामाईक सातबाऱ्याच्या जवळ जाणारी. बाहेरून आलेल्याच्या नावावर काहीच नसतं. सरकारसुद्धा धावपट्टीची आणि कचेऱ्यांची जमीन मूळ फुनाफुतीकरांकडून भाड्याने घेतं. बाकीच्यांच्या वाट्याला खड्ड्यांचा काठ आणि जुनी दलदल.

पिण्याचं पाणी छपरावरून येतं. पन्हाळी, टाकी, संपला विषय. 2011 मध्ये पाऊस इतका लांबला की आणीबाणी जाहीर झाली, घरटी दिवसाला 40 लिटर, म्हणजे दोन बादल्या पाणी मिळे, आणि खारं पाणी गोडं करायची यंत्रं विमानाने आणावी लागली. विमान रोज येत नाही. ते यायचं असलं की भोंगा वाजतो, धावपट्टीवरून माणसं, कुत्री आणि मोटारसायकली बाजूला होतात. संध्याकाळी तिथेच व्हॉलीबॉल, आणि उकडलं तर लोक चटई घेऊन तिथेच झोपतात. गावात मोकळी, कोरडी, वारा लागणारी जागा तेवढीच.

उपाय म्हणून सध्या जे झालंय त्यात सगळ्यात ठोस म्हणजे सरोवराच्या बाजूला भराव घालून केलेली सात हेक्टरांच्या आसपास नवी जमीन. 780 मीटर लांब, 100 मीटर रुंद, 2023 अखेर पुरी झाली, आणि 2100 सालच्या अंदाजित समुद्रपातळीच्याही वर राहील इतकी उंच. मला हा मार्ग भिंतीपेक्षा पटतो, कारण तो तळ उचलतो. फक्त भरावाची वाळू कशी रचली, यावर तिथे गोडं पाणी टिकेल की नाही ते ठरेल.

राहिला तिसरा प्रश्न, माणसं तिथे कशाला राहतात. गेली कशी ते वर आलंच. आता सोडतात का, तर दारं उघडी ठेवतात. ऑस्ट्रेलियाशी झालेला फालेपिली करार 2024 मध्ये लागू झाला. त्यात वर्षाला 280 जणांना कायमचं राहायची परवानगी चिठ्ठी काढून मिळते, आणि परत यायची मोकळीक राहते. 2025 च्या पहिल्या सोडतीला कुटुंबीय धरून साडेआठ हजारांहून जास्त नावं आली, म्हणजे देशातली बहुतेक सगळी. पण जो जातो त्याचा काइतासीतला वाटा बुडत नाही. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याचं गावच्या जमिनीत नाव राहतं, तसाच हिशेब. त्यामुळे 'लोक गाव सोडणार का' याचं उत्तर तिथलं एखादं घर असं देईल: दोघं ब्रिस्बेनला, म्हातारी वायाकूत, आणि पुलाकाचा खड्डा कुणी बघायचा यावर फोनवर भांडण.